एनिआग्राम : तीन चाचण्यांचे तीन निकाल आल्यानंतर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ३६ वर्षांचे आहात, नागपूरच्या मिहानमधील एका कंपनीत नोकरी करता, गेल्या चार महिन्यांत तुम्ही एनिआग्रामच्या, म्हणजे माणसांच्या स्वभावाचे एक ते नऊ असे नऊ प्रकार मानणाऱ्या पद्धतीच्या, तीन मोफत ऑनलाइन चाचण्या दिल्या आणि पहिलीत नऊ, दुसरीत दोन व तिसरीत सहा असा निकाल आला. यांपैकी खरा प्रकार कोणता आणि तो नक्की करण्यासाठी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात होणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला १८ हजार रुपये भरावेत का, असे तुम्ही विचारले आहे. त्याखाली, जाता जाता लिहिल्यासारख्या, आणखी चार ओळी आहेत : ऑफिसमध्ये कोणालाही नाही म्हणवत नाही, घरी आल्यावर बोलावेसे वाटत नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो आणि मग दोन दिवस स्वतःचीच लाज वाटते, शिवाय अलीकडे पत्नी म्हणाल्या, ‘तुम्ही माझं ऐकून नाही राहिले, माझा नंबर काढून राहिले.’

माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न त्या चार ओळींमध्येच आहे. तुम्हाला आकडा हवा आहे असे तुम्हाला वाटते आहे, पण आकडा मिळाल्याने तुमचा ‘हो’ कमी होणार नाही आणि घरातली शांतता मोडणार नाही. जे आपोआप होते, ते होण्याच्या क्षणी स्वतःला दिसावे, एवढेच तुम्हाला हवे आहे. एनिआग्राम त्यासाठी उपयोगी पडतो, माझ्या अनुभवात बऱ्यापैकी पडतो, पण तो चाचणीच्या निकालाच्या रूपाने नव्हे.

मी नागपुरात १९ वर्षे समुपदेशनाचे काम करते आणि त्यांपैकी शेवटची ११ वर्षे, धरमपेठेतील माझ्या खोलीत आठ-दहा जणांचे छोटे गट घेऊन, एनिआग्राम वापरते. तुम्हाला मी पाहिलेले नाही, म्हणून तुमचा प्रकार कोणता हे मी सांगणार नाही आणि चार ओळींवरून सांगणाऱ्या कोणावरही तुम्ही विश्वास ठेवू नये अशी माझी विनंती आहे. आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यायला हवी. घरी आल्यावर बोलावेसे न वाटणे हा स्वभाव असू शकतो, अतिश्रमाचा परिणाम असू शकतो किंवा नैराश्याची सुरुवातही असू शकते. झोप, भूक, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस हे सारे दोन आठवड्यांहून अधिक काळ उतरलेले असेल, तर एनिआग्राम बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या ऑफिसजवळच एम्स आहे, मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. नुकतेच घरात कोणाचे निधन झालेल्या, नोकरी गेलेल्या किंवा घटस्फोटाच्या मध्यात असलेल्या माणसाचा प्रकार शोधण्याच्या मागे मी लागत नाही, कारण संकटातला माणूस नेहमीच्या स्वतःसारखा वागत नसतो. पुढचे सारे लेखन, तुमच्याबाबतीत असे काही नाही असे गृहीत धरून आहे.

आता ही पद्धत मुळात काय आहे ते थोडे नीट पाहू, कारण बाजारात तिच्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. पहिला खास आपल्याकडचा : नऊ आकडे म्हटले की लोकांना मूलांक किंवा नवग्रह आठवतात आणि गटात येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी पहिल्याच दिवशी जन्मतारीख सांगू लागते. एनिआग्रामचा जन्मतारखेशी काहीही संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘एनिआ’ म्हणजे नऊ आणि ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेले किंवा रेखाटलेले. वर्तुळावर नऊ बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा अशी ती आकृती आहे. तीन, सहा आणि नऊ या बिंदूंचा एक त्रिकोण होतो. उरलेले सहा बिंदू एक-चार-दोन-आठ-पाच-सात या क्रमाने जोडलेले असतात, आणि हा क्रम १ ला ७ ने भागल्यावर दशांश चिन्हापुढे जे १४२८५७ हे अंक पुन्हा पुन्हा येतात त्यांचाच आहे. आकृतीत गणिताचे सौंदर्य आहे, यात शंका नाही. मात्र त्या सौंदर्यामुळे माणसाच्या स्वभावाविषयीची विधाने खरी ठरत नाहीत, आणि हा भेद मी गटात मुद्दाम पहिल्याच तासाला सांगते.

दुसरा गैरसमज ‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ हा. कार्यशाळांच्या जाहिरातींत हे वाक्य हमखास असते. वस्तुस्थिती अशी की ही आकृती गुर्जिएफ या आध्यात्मिक शिक्षकांनी १९१६ च्या सुमारास रशियात आपल्या शिष्यांपुढे मांडली, पण त्यांनी तिच्यावर स्वभावाचे नऊ प्रकार बसवले नव्हते. ते काम बोलिव्हियात जन्मलेल्या ऑस्कर इचाझो यांचे. १९७० मध्ये चिलीतील अरिका या गावी त्यांनी घेतलेल्या शिक्षणवर्गाला क्लाउदिओ नारान्हो हे चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ गेले, त्यांनी त्या मांडणीला मानसशास्त्राची भाषा दिली आणि पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ती शिकवली. तिथून ती जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंकडे आणि १९८० च्या दशकात पुस्तकांतून सर्वसामान्यांकडे गेली. म्हणजे आज आपण जे शिकतो त्याचे वय जेमतेम ५०-५५ वर्षे आहे. त्यातले काही धागे मात्र खरोखरच जुने आहेत : चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस या साधकाने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती, तिच्यातून ख्रिस्ती परंपरेतील सात पापांची कल्पना पुढे आली आणि एनिआग्रामच्या नऊ प्रकारांच्या मुळाशी ती सात, शिवाय भय आणि स्वतःची खोटी प्रतिमा, असे नऊ विकार मानलेले आहेत. षड्रिपू लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला क्रोध, लोभ, मद आणि मत्सर यांची इथे गाठ पडल्यावर परके वाटत नाही. दोन्ही याद्या एकच आहेत असे मात्र समजू नये.

आणि संशोधन? २०२१ मध्ये एनिआग्रामवरील संशोधनाचा एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला, त्यात १०४ नमुना-गटांचा विचार केला होता. निष्कर्ष संमिश्र होता : काही चाचण्यांचे निकाल व्यक्तिमत्त्वाच्या मान्यताप्राप्त मोजमापांशी अपेक्षेप्रमाणे जुळतात, पण आकडेवारीतून नऊ वेगळे घटक सहसा निघत नाहीत, त्याहून कमी निघतात, आणि शेजारच्या प्रकाराचा ‘पंख’ किंवा रेषांवरून होणारी हालचाल या कल्पनांना फारसा आधार मिळालेला नाही. मी हे लपवत नाही. रोगनिदानासाठी किंवा नोकरीच्या निवडीसाठी एनिआग्राम वापरू नये हे माझे ठाम मत याच कारणाने आहे. स्वतःकडे पाहण्यासाठी प्रश्न कोणते विचारावेत, हे मात्र तो चांगले सुचवतो, आणि मी त्याचा वापर तेवढ्यापुरताच करते.

तुमचे तीन निकाल वेगळे का आले, हे आता समजून घेता येईल. चाचणी विचारते तुम्ही काय करता. एनिआग्रामचा सारा भर तुम्ही ते का करता यावर आहे. रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसमध्ये थांबणारी पाच माणसे घ्या. एकाला अहवालातली चूक तशीच ठेवून घरी गेलो तर आपण बेजबाबदार ठरू असे आतून टोचते : हा पहिला प्रकार. दुसरीला शेजारच्या टेबलावरची सहकारी अडली आहे आणि तिला आपल्यावाचून जमणार नाही असे वाटते : दुसरा. तिसऱ्याला सोमवारच्या सादरीकरणात आपले काम उठून दिसायला हवे असते : तिसरा. चौथी, सहावा प्रकार, उद्या काही बिघडले तर बोट आपल्याकडे येऊ नये म्हणून तिसऱ्यांदा तपासत बसलेली असते. आणि पाचवा, नववा प्रकार, साहेबांनी ‘थांबता का’ विचारले तेव्हा नाही म्हटल्याने जे अवघडलेपण आले असते ते नको म्हणून थांबलेला असतो. काम संपूनही अर्धा तास झालेला असतो. ‘मी कामासाठी उशिरापर्यंत थांबतो’ या विधानापुढे पाचही जण ‘हो’वर खूण करतील.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात सांगते. आठ, नऊ आणि एक या तिघांचा गाभा राग हा मानला जातो : आठ तो बाहेर काढतो, एक तो दाबून सुधारणेकडे वळवतो आणि नऊ तो आहे हेच विसरतो. दोन, तीन, चार यांचा व्यवहार लाजेशी आणि इतरांच्या नजरेतील आपल्या प्रतिमेशी. चौथ्याला आपल्यात काहीतरी उणे आहे आणि ते इतरांना सहज लाभले आहे ही सल असते. पाच, सहा, सात यांचा व्यवहार भयाशी. पाच स्वतःची शक्ती आणि वेळ राखून ठेवत मागे सरकतो, सात पुढच्या बेतांकडे धावतो. इतकी ओळख तुम्हाला आत्ता पुरेल. पंख, रेषा, उपप्रकार हे सगळे वर्षभरानंतर पाहिले तरी चालते, आणि नाही पाहिले तरी काही अडत नाही.

स्वतःचा हेतू स्वतःला दिसणे किती अवघड असते हे मी माझ्यावरून सांगते. सुरुवातीची चार वर्षे मी स्वतःला दुसऱ्या प्रकारची समजत होते. सगळ्यांच्या मदतीला धावणारी, समुपदेशक, घरात कोणाचेही अडले की माझे नाव निघणार. चाचणीनेही तेच सांगितले होते. एका भाद्रपदात धाकट्या जाऊबाईंकडे महालक्ष्म्या होत्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळे तयार होते आणि मी पाने वाढायला मदत करत होते. अर्ध्या पंक्तीनंतर माझ्या लक्षात आले की मी वाढत नाहीच आहे. पुतणीने वाढलेले प्रत्येक पान मी पुन्हा लावत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळे आपापल्या जागी. माझा जबडा इतका घट्ट होता की दाढा दुखत होत्या. संध्याकाळी जाऊबाई मनापासून म्हणाल्या, ‘वहिनी, तुमची फार मदत झाली,’ आणि ते वाक्य मला कुठेच स्पर्शून गेले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे होते ते चटणीच्या जागी वाढलेल्या कोशिंबिरीचे एक पान, जे माझ्या हातून सुटले होते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला जाऊबाईंच्या त्या वाक्याने दिवसभराचा शीण उतरल्यासारखे झाले असते. मला ते पान टोचत होते. मी पहिल्या प्रकारची आहे हे मला त्या रात्री कळले, आणि पुतणीचा उतरलेला चेहरा दिवसभर समोर असूनही आपण पाहिला नव्हता, हेही.

म्हणून मी गटात चाचणी घेत नाही, वही देते. साधी शंभर पानी वही. सहा आठवडे रोज एकच प्रसंग लिहायचा, तोही ज्यात आपण आपोआप वागलो असा, आणि त्याखाली चारच ओळी : काय घडले, शरीरात कुठे काय जाणवले, मनात पहिले वाक्य कोणते आले, आणि मी तसे वागलो नसतो तर काय होईल अशी भीती होती. ही चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आणि पहिले काही आठवडे ती बहुधा रिकामी राहते. रिकामी राहिली तर राहू द्यावी, ओढूनताणून भरू नये. पुस्तकातले प्रकारांचे वर्णन पहिल्या दोन आठवड्यांत वाचू नये, कारण वाचलेले शब्दच मग वहीत उतरू लागतात.

गटातल्या एका गृहस्थांच्या वहीतले एक पान, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून आणि त्यांच्या परवानगीने, तुम्हाला सांगते, कारण तुमच्या लिहिण्यात मला त्यांची आठवण झाली. पन्नाशीचे, बँकेत नोकरी. रविवारी सकाळी घरचे सगळे पोहे खायला बाहेर गेले होते. पोह्यांवर घालायच्या तिखट रश्श्याबद्दल गाडीवाल्याने विचारले, ‘तर्री जास्त की कमी?’ त्यांनी उत्तर दिले, ‘काहीही चालते.’ बशीत तर्री काठोकाठ आली. त्यांना पित्ताचा त्रास आहे, तरी त्यांनी ती सगळी संपवली आणि परतताना गाडी कुठे लावली होती यावरून पत्नीवर असे ओरडले की मागच्या सीटवरची मुलगी रडू लागली. वहीत लिहिले होते : ‘घटना : तर्री. शरीर : काही नाही. वाक्य : कुठे सांगत बसू.’ चौथी ओळ कोरी. गटात त्यांनी हे वाचून दाखवले तेव्हा ते ओरडण्याबद्दल बोलत होते, लाजत होते. तर्रीबद्दल त्यांना काही बोलायचेच नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तेच पान उघडले आणि कोऱ्या ओळीवर लिहिले, ‘सांगितले आणि तरी कोणी ऐकले नाही, तर?’ लिहून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सात भावंडांत पाचवे होते ते.

या पानावरून त्यांचा प्रकार नववा असावा असे त्यांना वाटले आणि मलाही वाटले, पण मला मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. ‘काहीही चालते’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघताना त्यानंतर त्यांना ऐकू येऊ लागले. आधी दिवसाच्या शेवटी, मग वाक्य संपल्यावर, आणि तीन-चार महिन्यांनी ओठांवर येण्याच्या आधी. वाक्य बाहेर पडण्यापूर्वी जो एक श्वासाएवढा अवकाश मिळतो, तो मिळावा म्हणूनच हे सगळे काम करायचे असते. भडक्याच्या वेळी स्वतःला आवरण्याचा प्रयत्न ते वीस वर्षे करत होते आणि तो फसत होता, कारण भडका गाडीच्या जागेवरून नव्हताच. तो पाऊण तास आधी, बशी हातात घेताना सुरू झालेला होता.

तुमच्या तीन निकालांकडे आता याच नजरेने पाहता येईल. नऊ, दोन आणि सहा ही तिन्ही माणसे ‘हो’ म्हणतात, म्हणून चाचणीला ती वेगळी करता आली नसावीत. त्यातून नवव्या प्रकाराच्या माणसाला स्वतःत सगळेच प्रकार थोडे थोडे दिसतात, हाही अनुभव नेहमीचा आहे. फरक ‘हो’ म्हटल्यानंतरच्या दहा मिनिटांत सापडतो. सहकाऱ्याचे काम अंगावर घेतल्यावर तुम्हाला हलकेसे बरे, हवेहवेसे वाटते का, आणि त्याने आभार मानले नाहीत तर ते दिवसभर लक्षात राहते का? तर दोनचा विचार करा. ‘हो’ म्हटल्यावर मनात लगेच शक्यतांची रांग लागते का : हे वेळेत झाले नाही तर, साहेबांनी विचारले तर, त्याने मुद्दाम माझ्याकडे ढकलले असेल तर? तर सहाचा. आणि ‘हो’ म्हटल्यावर काहीच वाटत नाही का, विषय संपला एवढीच एक सुटका, आणि मग ते काम नकळत मागे मागे पडत जाते का? अंगावर घेतलेले काम न करणे हा नवव्या प्रकाराचा नकार असतो. तोंडाने न दिलेला नकार तो हाताने देतो. हे वाचताना तुम्हाला यांपैकी एक वाक्य थोडे झोंबले असेल. जे वर्णन वाचून छान वाटते त्यापेक्षा जे झोंबते ते बहुधा जवळचे असते, पण तेही वहीतल्या महिनाभराच्या नोंदींवर तपासून घ्यावे लागते. आणि या तिन्हींपैकी एकही नाही, असेही निघू शकते. तेव्हा वाईट वाटून घेऊ नये.

प्रकार हाती लागला की लोकांना लगेच बदलायचे असते आणि इथे मी त्यांना थांबवते. मी पहिल्या प्रकारची आहे हे कळल्यावर मी परिपूर्णतेचा आग्रह सोडण्याचाही परिपूर्ण प्रयत्न केला. वही नीट, ओळी सरळ, एकही दिवस न चुकता. स्वभाव सुधारणेच्या प्रयत्नातसुद्धा तोच स्वभाव घुसतो. नववा प्रकार गटातही सगळ्यांना माना डोलावतो, दुसरा इतरांच्या वह्या सावरायला लागतो, सहावा मला विचारतो की या पद्धतीची खात्री काय. म्हणून सुरुवातीचे सहा आठवडे फक्त पाहायचे. त्यानंतर एकच छोटा बदल निवडायचा, इतका छोटा की तो फसला तरी कोणाचे नुकसान होऊ नये. त्या बँकेतल्या गृहस्थांनी ठरवले होते की दिवसातून एकदा, फक्त खाण्यापिण्याच्या बाबतीत, आपली पसंती स्पष्ट शब्दांत सांगायची : चहा कमी साखरेचा, भाजी भरीतच. ऑफिसमधल्या साहेबांना नकार देण्यापासून त्यांनी सुरुवात केली असती तर आठवड्यात सोडून दिले असते. साखरेपासून साहेबांपर्यंत पोचायला त्यांना नऊ महिने लागले, आणि पहिला नकार देताना त्यांचे हात थरथरत होते असे त्यांनी लिहिले आहे. तुमचा प्रकार दोन निघाला तर तुमचा छोटा बदल वेगळा असेल, उदाहरणार्थ कोणी मागितल्याशिवाय मदत न करता एक तास घालवणे. सहा निघाला तर एखादा ईमेल दुसऱ्यांदा न तपासता पाठवणे. तुमच्या मूळ भीतीला जेमतेम स्पर्श होईल असा बदल निवडा.

पत्नीच्या वाक्याकडे मी आता वळते, कारण तुमच्या संपूर्ण प्रश्नात मला ते सर्वांत काळजीचे वाटले. एनिआग्राम शिकणारा जवळपास प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात इतरांचे आकडे काढू लागतो. बायको चार आहे म्हणून रुसते, बॉस आठ आहे म्हणून ओरडतो. त्या क्षणी समोरचा माणूस काय सांगतो आहे हे ऐकणे थांबते, कारण त्याचे उत्तर आपल्याकडे आधीच तयार असते. आणि तुमच्या बाबतीत हे अधिक नाजूक आहे : घरी बोलावेसे वाटत नाही असे तुम्हीच लिहिले आहे, आणि आकडा हा न बोलण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग होऊ शकतो. मी गटात एक नियम कडकपणे पाळते : गटाबाहेरच्या कोणाचाही आकडा उच्चारायचा नाही. घरच्यांना त्यांचा प्रकार त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचा नाही, आणि विचारला तरी ‘तुला काय वाटते’ एवढेच म्हणायचे. पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवावेत तसे एनिआग्रामचे आकडे जुळवून लग्न ठरवता येईल का, असे दोन पालकांनी मला विचारलेले आहे. दोघांनाही मी स्पष्ट नाही म्हटले. कोणत्याही दोन आकड्यांचे जोडपे सुखी असू शकते, कोणत्याही दोन आकड्यांचे दुःखी.

पत्नींची मदत मात्र तुम्हाला घेता येईल, वेगळ्या रीतीने. महिनाभराच्या नोंदी झाल्यावर, त्यांची तयारी असेल तर, त्यांना एक प्रश्न विचारा : ‘माझा भडका उडण्याआधी तुला काय दिसतं?’ आणि उत्तर मिळाल्यावर काहीही न समजावता ते वहीत लिहून घ्या. त्या बँकवाल्या गृहस्थांच्या पत्नीने सांगितले होते, ‘दोन दिवस आधीपासून तुम्ही पेपर घडी न करता ठेवता.’ त्यांना स्वतःला हे आयुष्यात कधी दिसले नव्हते.

राहिला १८ हजारांचा प्रश्न. कार्यशाळेत शिकवणारी व्यक्ती आणि तिथली पद्धत यांवर उत्तर अवलंबून आहे आणि मला दोन्ही माहीत नाहीत, म्हणून काय विचारावे ते सांगते. पहिल्या दिवशी चाचणी घेऊन दुसऱ्या दिवशी प्रकाराचे प्रमाणपत्र देणार असतील तर जाऊ नका. एकाच प्रकारची चार-पाच माणसे समोर बसवून त्यांना स्वतःच्या तोंडून बोलू देणार असतील, तर तो अनुभव मोलाचा असतो. हेलन पामर आणि डेव्हिड डॅनिअल्स या एनिआग्रामच्या अमेरिकी शिक्षकांनी रुजवलेली ही पद्धत आहे, आणि आपलेच मन दुसऱ्याच्या तोंडून बोलताना ऐकणे हे कोणत्याही वर्णनाच्या वाचनापेक्षा अधिक उघडपणे स्वतःला दाखवते. ‘अधिकृत’ या शब्दाला भुलू नका : इचाझो यांच्या संस्थेने पामर यांच्यावर स्वामित्वहक्काचा दावा केला होता आणि १९९२ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयातही तो टिकला नाही, तेव्हा या पद्धतीवर कोणा एकाची मालकी नाही. कार्यशाळेनंतर महिन्यातून एकदा तरी भेटण्याची सोय आहे का तेही विचारा. दोन दिवसांत जे दिसते ते दोन आठवड्यांत विरते. आणि घरखर्चातून १८ हजार काढणे जड जाणार असेल, तर वही-पेन घेऊन सहा आठवडे काम करा आणि मग ठरवा. तेव्हा तुम्ही तिथे आकडा विचारायला जाणार नाही, स्वतःची तीस-चाळीस पाने घेऊन जाल आणि शिकवणाऱ्याला नेमके प्रश्न विचारू शकाल.

एक राहिले. कार्यशाळेला जायचे की नाही याबद्दल पत्नींचे मत काय, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांना विचारले नसेल तर आज विचारा, आणि त्याआधी तुमची स्वतःची इच्छा काय आहे ती त्यांना एका वाक्यात सांगा. वहीतली पहिली नोंद त्याच संभाषणाची करता येईल.